चौथं गिऱ्हाईक

ज्या सायकलला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरियर नाही, साधी घंटीसुद्धा नाही, आणि जी चढावर चालवायची नसून फक्त उतारावरून खाली आणायची असते, ती धडधाकट सायकलीच्या दहापट महाग कशी? दुकानदारानं किंमत सांगितली तेव्हाच मला यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं. वस्तूतला एकेक भाग काढत जायचं आणि किंमत वाढवत न्यायची, हा व्यापार मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

इथे एक खुलासा करतो. संशय घेणं ही माझी नोकरी आहे. मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. लोक लिहून पाठवतात की पाण्याची टाकी फुटून दिवाणखाना भिजला, आणि मी जाऊन बघतो की सोफा टाकी फुटायच्या आधी भिजला की नंतर. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर बदलते. कुणी "कसे आहात?" विचारलं तरी ह्याला कशाला हवंय, हा विचार आधी मनात येतो. बायको म्हणते, घरी येताना ऑफिस तिथेच ठेवून येत जा. मी म्हणतो, तिथे ठेवलं तर कुणीतरी उचलून नेईल.

सायकलीचं खूळ मूळ आमच्या मुलीचं. गावाबाहेरच्या टेकडीवरून दगडधोंड्यांतून सायकल खाली आणायची, मग ती ढकलत वर न्यायची आणि पुन्हा खाली आणायची, असा तिचा तीन वर्षं दर रविवारचा उद्योग. आता तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. महिनाअखेरीला ती जाणार होती. एके सकाळी टेबलावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "जायच्या आधी एकदा तरी घरातलं कुणीतरी माझ्या सोबतीनं टेकडी उतरावं, असं फार वाटतं."

बोलताना ती आईकडे बघत होती, पण मिठाची बाटली आईसमोर होती म्हणून असेल. घरातलं कुणीतरी म्हणजे मी, हे उघड होतं. मी लगेच म्हणालो, "मी येतो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तू नक्की येणार?"

त्या "नक्की"त काय होतं ते मला ठाऊक होतं. शाळेत असताना तिच्या स्नेहसंमेलनाला मी तीन वर्षं "येतो" म्हणालो आणि तिन्ही वर्षं गेलो नाही. तिन्ही वेळा कुणाच्या ना कुणाच्या टाक्या फुटल्या होत्या. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ते मला आजही टोचतं. आता ती निघाली होती आणि महिन्याचा शेवटचा रविवार एकच होता. या वेळी मला जायचंच होतं. सायकल मात्र हवी होती, आणि जवळ होते पस्तीस हजार.

दुकानदार पस्तीस ऐकून हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तो म्हणाला, "साहेब, एवढ्यात नवी येणार नाही. जुनी बघा. फ्रेमच्या जोडांना चिरा आहेत का बघा, पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय का बघा, मागचा सांधा हलवून खेळ, म्हणजे ढिलेपणा, किती आहे बघा. आणि उंचीला बसते का, ते सगळ्यात आधी."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर पायरीवर थांबलो. दुकानदार गिऱ्हाईकाला दुसरीकडे पाठवतो? तेही फुकट सल्ला देऊन? ह्याची आणि जुन्या सायकली विकणाऱ्याची भागीदारी असणार. वहीत तेही लिहिलं.

चार दिवसांनी मुलीनंच मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. उताराची सायकल, पुढचा शॉक नारिंगी, कमी वापरलेली, किंमत पस्तीस. "बाबा, ही खरंच चांगली आहे. या किमतीत अशी मिळत नाही."

माझी हरकत नेमकी तीच होती.

विकणारा चष्मेवाला निघाला. बाजारपेठेत त्याचं दुकान होतं, भिंतभर चष्मे, समोर आरसे. मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली ती सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. फोटोत दिसते त्याहून दांडगी. हँडल एवढं रुंद की आमच्या बाथरूमच्या दारातून ते आत गेलं नसतं. फ्रेमवर एक चष्म्याचं छोटं स्टिकर. मला ती आवडली, आणि आवडली म्हणूनच मी सावध झालो.

"कमी वापरलेली म्हणजे किती वेळा?" मी विचारलं.

"सात-आठ वेळा."

"सात की आठ?"

"मोजलं नाही हो."

"वजन?"

"सोळा किलो."

"घेतल्याची पावती?"

"सापडत नाही."

"मग विकताय का?"

तो जरासा घुटमळला. "जागा अडते," म्हणाला. मी खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत अशा तीन सायकली मावल्या असत्या. शिवाय मी बघत होतो की हा गृहस्थ डावा हात खांद्याच्या वर नेतच नाही. वरच्या फळीवरचं काही काढायचं झालं तर स्टुलावर चढतो. काहीतरी लपवत होता, यात शंका नव्हती. मी "कळवतो" म्हणून निघालो. तेवढ्यात त्यानं मला खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावला आणि तुमचा नंबर वाढलाय म्हणाला. दहा वर्षांत माझा नंबर वाढलेला नाही. विकायची सवयच असते एकेकाला.

घरी आलो तर जिन्यातच समोरच्या दारातले वजनमापे भेटले. हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनं आणि मापं तपासणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले, तेव्हापासून इमारतीत सगळे त्यांना वजनमापेच म्हणतात. त्यांनाही ते आवडतं. त्यांच्या खिशात अजूनही एक स्प्रिंगचा काटा असतो, आणि भाजी घेताना तो बाहेर आला की भाजीवाल्याचा चेहरा पडतो. सबंध इमारतीत मला समजून घेणारा हा एकच माणूस.

त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. "स्टँड नाही?"

"नाही."

"मग उभी कशी राहते?"

"भिंतीला टेकवून."

"आणि टेकडीवर भिंत कुठली?" ते म्हणाले. "बरं, खाली आपोआप येते म्हणता. मग वर कोण नेणार?"

"ढकलत न्यायची असते."

"म्हणजे पैसे भरून हमाली." त्यांनी मान हलवली. "आणि सोळा किलो कुणी सांगितलं? विकणाऱ्यानं? विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन मी तीस वर्षांत कधी खरं धरलं नाही. आधी सायकल चोरीची आहे का ते बघा. पावती नाही म्हणजे झालंच."

हे मात्र मला पटलं. फ्रेमच्या तळाला एक नंबर कोरलेला होता आणि तो मी लिहून आणला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येतो असं कळवून मी पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "सायकल कधी चोरीला गेली?"

"गेली का, तेच विचारायला आलोय."

"सायकल कुणाची?"

"हेही विचारायचंय."

त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमची नाही."

"अजून नाही."

"चोरीला गेली का ते तुम्हाला माहीत नाही. पण तिचा नंबर तुमच्याकडे आहे."

"हो. मी उलटी करून बघितला."

"कुणाची सायकल उलटी केलीत?"

एवढं झाल्यावर त्यानं माझं नाव, पत्ता, नोकरी, उंची लिहून घेतली. मी म्हणालो, मला फक्त ही सायकल चोरीची नाही असा दाखला हवाय. तो म्हणाला, चोरी झाल्याचा दाखला आम्ही देतो, न झाल्याचा देत नाही, तसे दाखले द्यायला लागलो तर सगळं गावच रांगेत उभं राहील. हा मुद्दा बिनतोड होता, पण त्याचा सूर मला खटकला. निघताना तो म्हणाला, "पुन्हा बोलावलं तर या." सव्वीस वर्षं मी लोकांना हे वाक्य म्हणत आलोय. ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे मला माहीत नव्हतं.

आता मुख्य चूक. ती मी मान्य करतो, पण ती का झाली तेही समजून घ्या. आमच्या ऑफिसात पंखा घ्यायचा असला तरी तीन दरपत्रकं लागतात. तीन ठिकाणचे भाव समोर असल्याशिवाय सही होत नाही, आणि माझ्या हाताला आता तशी सवयच लागली आहे. पण इथे सायकल एक, विकणारा एक. मग तीन भाव आणायचे कुठून? विचार करता करता मला मार्ग सापडला. विकणारे तीन नसतील तर विचारणारे तीन करायचे. तिघांनी वेगवेगळे फोन करायचे आणि चष्मेवाला तिघांना एकच भाव सांगतो का बघायचं. खरा माणूस तिघांना एकच सांगेल. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती आमच्या साहेबांनाही सांगितली. त्यांनी मला शेवटची रजा कधी घेतली होती ते विचारलं.

पहिला विचारणारा मी, माझा भाव पस्तीस. दुसरे वजनमापे, तिसरा माझा मेहुणा. दोघांना मी बजावून सांगितलं की बोलणं खरं वाटलं पाहिजे, जरा उत्साह दाखवा.

वजनमाप्यांना चष्मेवाल्यानं सदतीस सांगितले. मेहुण्याला चाळीस.

"बघा!" मी बायकोला म्हणालो. "तीन माणसं, तीन भाव. लबाड आहे."

बायको जेवणाचा डबा भरत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत दुपारपाळीला असते, दिवसभर काचेवरचे थेंब सूक्ष्मदर्शकातून बघते. ती म्हणाली, "अहो, तिघांनी मागितली म्हणून त्यानं वाढवली असेल."

मी हसलो. लबाड माणसं कशी वागतात हे तिला मी काय समजावणार? खात्री करून घ्यायला मी दोघांना पुन्हा फोन करायला लावले. आता बेचाळीस आणि पंचेचाळीस. मेहुणा तर जास्तच रंगात आला. मला म्हणाला, "भाऊजी, मी सरळ सांगून टाकलं, सत्तेचाळीस देतो पण दुसऱ्याला देऊ नका. उत्साह दाखवा म्हणाला होतात ना?"

मधल्या काळात घरातही एक प्रकरण उद्भवलं होतं. बायकोचं कोपर सोललं. पाठोपाठ गुडघा. विचारलं तर म्हणाली, "जिन्यात घसरले." आमच्या जिन्याची तिसरी पायरी एका बाजूला झिजलेली आहे, ती मला आधीपासून संशयास्पद वाटायची. मी इमारतीच्या सेक्रेटरींना तक्रार लिहिली, सोबत पायरीचा नकाशा जोडला. सेक्रेटरींनी गवंड्याला बोलावलं. गवंडी पायरीवर उड्या मारून म्हणाला, ही पायरी आपल्या सगळ्यांच्या नंतर जाईल. तरी मी सोडलं नाही, दुसरं पत्र लिहिलं. बायको म्हणाली, "राहू द्या हो, पायरीच्या कशाला मागे लागता?" तिचा हा मवाळपणाच लोकांच्या पथ्यावर पडतो. सकाळी फिरायला जाऊन आली की तिच्या बुटांना लाल माती असते, त्याबद्दलही मी बागेच्या देखरेखीवाल्यांना लिहिणार होतो. तेवढा वेळ मिळाला नाही.

कारण रविवार आठ दिवसांवर आला होता आणि सायकल अजून जवळून तपासलेली नव्हती. मी पुन्हा गेलो असतो तर चष्मेवाला सावध झाला असता. कुणीतरी संशय येणार नाही असं माणूस हवं होतं. माझी नजर बायकोवर गेली.

"तू जा," मी म्हणालो. "डोळे तपासायचे म्हणून जा. तू तशीही डोळे बारीक करून वाचतेस. सायकल मागच्या खोलीत आहे. सहज बघते असं दाखवायचं. फ्रेमला चिरा, शॉकचं तेल, मागचा सांधा. एवढं बघून ये. आणि आपण घेणार आहोत हे कळू द्यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. वळून दारात थांबली. "तुम्हाला नक्की ती चालवायचीय ना? म्हणजे, मनापासून?"

"हा प्रश्न आत्ता कशाला?"

"सहज विचारलं."

ती दीड तासानं नवा चष्मा करायला टाकून परत आली. तिनं दिलेला अहवाल मी वहीत जसाच्या तसा उतरवला: फ्रेमला चिरा नाहीत, एका जोडाजवळ नुसता रंग उडालाय. पुढच्या शॉकमधून तेल येत नाही. मागच्या सांध्यात किंचित खेळ आहे, आतली बुशची छोटी नळी बदलली की जाईल. पुढचा ब्रेक जरा मऊ लागतो, त्यातली हवा काढावी लागेल. फ्रेम मधल्या आकाराची आहे.

मला धक्काच बसला. ही बाई ब्रेकमधली हवा वगैरे बोलते? पण लगेच उलगडा झाला. चष्मेवाल्यानं तिला पढवलं होतं. साधी बाई बघितली आणि सगळं वदवून घेतलं.

"फ्रेम मधल्या आकाराची म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला लहान पडेल," ती म्हणाली. "तुमचे गुडघे हँडलला लागतील."

हेही त्याचंच, हे मी ओळखलं. जास्त भाव देणाऱ्या दुसऱ्या कुणालातरी द्यायची असणार, म्हणून मला टाळत होता.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन थेट दुकानात गेलो. चष्मेवाला काच घासत होता. मी ऑफिसच्या आवाजात म्हणालो, "तुम्ही तीन माणसांना तीन भाव सांगितलेत. पस्तीस, सदतीस, चाळीस. नंतर बेचाळीस आणि पंचेचाळीस."

त्यानं काच खाली ठेवली. "तुम्हाला कसं कळलं?"

मी वहीत बघितलं. तिथे दोघांची नावं होती, म्हणून ती मिटली.

"अच्छा," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तो वजन विचारणारा आणि तो सत्तेचाळीसवाला, दोघं तुमचेच. अहो, तुमच्याच माणसांनी भाव चढवला! मला वाटलं गावातल्या सगळ्यांनाच अचानक टेकडी उतरायचीय." तो हसायला लागला. मला ते हसणं फार लागलं. स्वतःच्या विरुद्ध स्वतःच बोली लावणारा विमा कंपनीच्या इतिहासात मी पहिलाच असेन.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पहिला भाव पस्तीस. आत्ता देतो."

"उशीर झाला. सायकल विकली."

"कुणाला? आम्ही तर तिघंच..."

"चौथं गिऱ्हाईक आलं ना. आलं, सायकल नीट बघितली, आणि तुम्ही विचारलंत तेच विचारलं, का विकताय. फक्त जरा आपुलकीनं. मग मीही खरं सांगून टाकलं. माझं खांद्याचं हाड दोनदा मोडलंय, आईनं शपथ घातलीय, आणि दुकानात पेशंट असतात म्हणून मला ते कुणाला सांगवत नव्हतं. मोडक्या हाताच्या माणसाकडे डोळे कोण दाखवेल? त्यांनी ऐकून घेतलं, खांद्याला शेक द्यायला सांगितला. मी तिसावर दिली. रविवारपर्यंत सायकल इथेच राहणार आहे."

"नाव काय त्या गिऱ्हाईकाचं?"

"ते सांगू नका म्हटलंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला दया दाखवल्यासारखी वाटली.

पुढचे चार दिवस मी चौथ्याचा शोध घेतला. पहिला संशय मेहुण्यावर. सत्तेचाळीस देतो असं माणूस उगाच म्हणत नाही. मी त्याच्या घरी सहज म्हणून गेलो, बाल्कनी बघितली, पलंगाखाली डोकावलो. "भाऊजी," तो म्हणाला, "पडद्यामागे काय शोधताय?" मी म्हणालो, कापड बघतोय. दुसरा संशय वजनमाप्यांवर. त्यांना मी तोंडावर विचारलं. ते इतके दुखावले की त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मग स्वतःच येऊन म्हणाले, माझा संशय तुमच्या मुलीवर आहे. मला त्यांचा राग आला.

शनिवारी संध्याकाळी मी मुलीला सांगितलं. ती कपाटातून बॅग काढत होती. "मला सायकल मिळाली नाही. म्हणजे मी उद्या... या वेळी मला खरंच यायचं होतं गं."

ती बॅग ठेवून माझ्याजवळ आली. "बाबा, तू खाली थांब. पायथ्याशी. तिथे कुणीतरी आपलं असलं की बरं वाटतं. पण ये नक्की."

"टाक्या फुटल्या तरी येईन," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मायलेकी पुढे गेल्या. बायको म्हणाली, हिला वर सोडते आणि येते. मी आठ वाजता पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. तिथे सायकलवाल्यांची पाचपन्नास माणसं होती, मातीनं भरलेली, एकमेकांना टाळ्या देणारी. मी ओरखडलेल्या एका दगडाजवळ जागा धरली. वर पाऊलवाट झाडीतून वळणं घेत खाली येत होती. दोन वळणं दिसत होती, बाकीची नाहीत.

आधी मुलगी आली. लाल हेल्मेट मी ओळखलं. शेवटच्या वळणावर तिनं सायकल अशी काही आडवी घेतली की माझ्या तोंडून "सांभाळून" निघालंच. ती पायथ्याशी येऊन थांबली, पण माझ्याकडे आली नाही. वळून वर बघत राहिली.

मग दुसऱ्या वळणावर मला तो शॉक दिसला. नारिंगी. फ्रेमवर चष्म्याचं स्टिकर असणारच, मी इथूनही शपथेवर सांगितलं असतं. चौथं गिऱ्हाईक! तोंड पूर्ण झाकणारं काळं हेल्मेट, गुडघ्यांना, कोपरांना जाड पट्ट्या. हळू येत होतं, पण थांबत नव्हतं. एका दगडाशी मागचं चाक घसरलं, मी आपोआप एक पाऊल पुढे टाकलं, पण त्या माणसानं पाय न टेकता सायकल सावरली आणि उरलेला उतार सरळ उतरून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मी वाटेत जाऊन उभा राहिलो.

"थांबा," मी म्हणालो. "ही सायकल तुम्ही कुठून घेतलीत?"

हेल्मेट निघालं. केस घामानं कपाळाला चिकटलेले, गाल लाल, नाकावर नवा चष्मा.

"चष्मेवाल्याकडून," बायको म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुम्हीच नाही का मला पाठवलंत?"

मी तिच्या चष्म्याकडे बघितलं, मग फ्रेमवरच्या स्टिकरकडे. मुलगी मागून येऊन आईच्या गळ्यात पडली होती. "बाबा, आई वर्षभर शिकतेय. रोज सकाळी. पण सायकल एकच, आळीपाळीनं चालवायची. बरोबर कधी उतरलोच नव्हतो."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी बायकोला विचारलं.

"सांगणारच होते त्या दिवशी टेबलावर. तुम्ही आधीच 'मी येतो' म्हणालात. इतके खूश दिसलात की माझ्यानं बोलवेना. मग सायकल बघितली तर ती तुम्हाला लहान आणि मला नेमकी बसणारी." ती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत. जगातल्या सगळ्यांना सगळं विचारता. मला कोपर कसं सोललं एवढं एकदा विचारलंत, आणि उत्तर मिळताच पायरीच्या मागे लागलात."

पायरी निर्दोष होती. बुटांची लाल माती या टेकडीची होती. ब्रेकमधली हवा तिला कुणी पढवलेली नव्हती. सगळे पुरावे माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होते. सव्वीस वर्षांत मी शेकडो माणसांवर संशय घेतला, पण संशय घ्यायला आधी माणसाकडे नीट बघावं लागतं. बायकोकडे मी तेवढंही बघितलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर ती त्या दगडावरून पाय न टेकता आली ते आठवून ऊरही भरून आला. दोन्ही एकदम होत होतं.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं. त्या सबंध महिन्यात कुणाला पकडण्यासाठी न विचारलेला माझा हा पहिलाच प्रश्न असावा.

"वाटली ना! वरचं जे वळण आहे, जिथे मुळं आहेत, तिथे दर वेळी वाटतं, आता पडले. पण तिथे ब्रेक दाबायचा नाही, नजर पुढे ठेवायची," ती सांगायला लागली, हातांनी वळण दाखवत, आणि मी ऐकत राहिलो. इतकं ती माझ्याशी कधी बोलली होती मला आठवेना. मुलगी आमच्याकडे बघत पाणी पीत होती.

"आई, अजून एकदा?" ती म्हणाली.

बायकोनं टेकडीकडे बघितलं, मग सायकलीकडे. पुन्हा सगळा चढ. मी पुढे झालो आणि हँडल हातात घेतलं. वर कोण नेणार, हा वजनमाप्यांचा प्रश्न तसाच राहिला होता.

दोघी पुढे गप्पा मारत चालल्या होत्या, मी मागून ढकलत. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्यापर्यंत माझा शर्ट भिजला आणि सोळा किलोंबद्दल काही प्रश्न मनात यायला लागले. बायको थांबून मागे वळली.

"जड आहे का हो?"

"छे, अजिबात नाही."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, परत खाली आली आणि हँडलची दुसरी बाजू धरली.